एसजीपीटी उतरेना, व्हायरस सापडेना: लिव्हरच्या ऑटोइम्युन आजाराचं निदान कसं करायचं

फाइल हातात आली की मी एसजीपीटीकडे, म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात चढणाऱ्या एन्झाइमकडे, आधी जात नाही. एलएफटीच्या, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीच्या, कागदावर टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन छापलेलं असतं, त्यांची वजाबाकी करते. उरतं ते ग्लोब्युलिन. साधारण साडेतीनच्या आत असलं तर पान उलटते. पाचच्या वर असलं तर पेन खाली ठेवते आणि म्हणते, "मावशी, टेका जरा. पहिल्यापासून सांगा बघू."

बऱ्याच लॅब हा आकडा स्वतःच छापतात, शेजारी ए-जी रेशो (अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिनचं प्रमाण) उलटा झाल्याची खूणही असते. तरी तो महिनोन्‌महिने न वाचलेला राहतो, कारण सगळ्यांची नजर ठळक अक्षरातल्या एसजीपीटीवर. ग्लोब्युलिन इतर कारणांनीही चढतं: जुनाट संसर्ग, कुठल्याही कारणाने झालेला सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं), मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर. पण एसजीपीटी शेकड्यांत, ग्लोब्युलिन पाचच्या वर आणि व्हायरसच्या तपासण्या कोऱ्या, असं त्रिकूट जमलं की ऑटोइम्युन हिपॅटायटिसचा संशय घ्यायलाच हवा. स्वीडनचे यान वाल्डनस्ट्रॉम यांनी १९५० मध्ये हा आजार मांडला तेव्हा त्यांच्याही नजरेत हेच भरलं होतं: तरुण बायका, न थांबणारी लिव्हरची सूज आणि रक्तात बेसुमार वाढलेलं गॅमा ग्लोब्युलिन.

मी कोल्हापुरात पोटविकारांची ओपीडी चालवते. हे लिहिते आहे ते तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांसाठी, आणि आईची फाइल बगलेत मारून या लॅबमधून त्या लॅबमध्ये फिरणाऱ्या मुला-सुनांसाठीही. आजार मुख्यतः तीन. ऑटोइम्युन हिपॅटायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती लिव्हरच्या पेशींवरच उठते. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, म्हणजे पीबीसी, लिव्हरच्या आतल्या अगदी बारीक पित्तनळ्या नासवतो. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, म्हणजे पीएससी, मोठ्या पित्तनळ्यांना जागोजाग आवळत नेतो. तिन्हींचं निदान एका तपासणीवर होत नाही. चार-पाच धागे एकाच दिशेला ओढत आहेत का, हे बघावं लागतं. आणि ते धागे हाती येईपर्यंत स्टेरॉइडची गोळी पोटात जाता कामा नये. हा दुसरा मुद्दा मी पुन्हा पुन्हा काढणार आहे.

आधी चोर दुसरा नाही ना

आमच्या भागात कावीळ म्हटलं की लोक पाण्याकडे बोट दाखवतात. चूक नाही त्यात. २०१२ मध्ये इचलकरंजीत हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली होती, ती अजून लोकांच्या लक्षात आहे. पण पाण्यातून येणारी ए आणि ई कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत उतरणीला लागते. दीड-दोन महिने झाले, एसजीपीटी अजून तिथेच घुटमळतंय किंवा उतरून पुन्हा चढलंय, तर "पथ्य पाळा, उतरेल" म्हणत बसू नये. हिपॅटायटिस ए आणि ईची आयजीएम (ताज्या संसर्गाची अँटीबॉडी), बीसाठी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, सीसाठी अँटी-एचसीव्ही एवढं एकदा नीट करून घ्यावं. ईची आयजीएम जेमतेम पॉझिटिव्ह असेल तर तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ज्याच्या रक्तात अँटीबॉडींचा पूर आला आहे, त्याच्यात ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

मग औषधांची चौकशी. "काही औषध चालू आहे का?" या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर मिळतं. मी प्रश्न फोडून विचारते. लघवीच्या जळजळीवर वारंवार गोळ्या घेतल्या का? त्यात नायट्रोफ्युरँटॉइन होतं का? मुरुमांसाठी मिनोसायक्लिन? गरोदरपणात बीपीसाठी मिथाइलडोपा? टीबीची औषधं? कोलेस्टेरॉलची गोळी कधी सुरू झाली? नंतर हळूच: काढा, भुकटी, गुळवेल? ही औषधं लिव्हरला सूज आणतात, आणि त्यातली काही हुबेहूब ऑटोइम्युन हिपॅटायटिसचं सोंग घेतात, अँटीबॉडी आणि बायोप्सीसकट. कोविडकाळात घरोघरी गुळवेलीचे काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. पुढच्याच वर्षी देशातल्या अनेक केंद्रांतून मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यातल्या बहुतेकांचं चित्र ऑटोइम्युन हिपॅटायटिससारखं होतं. तेव्हा काढ्याबद्दल विचारताना आवाजात टोमणा नको. टोमणा ऐकला की माणूस खरं सांगायचं बंद होतो. कावीळ उतरवायला कुठे गेला होता, नाकात थेंब टाकले का, पोटात काय दिलं, हे मी शेजारणीसारखं विचारते आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

सगळ्यात अवघड सोंग विल्सनच्या आजाराचं, ज्यात शरीरात तांबं साचतं. चाळिशीच्या आतला रुग्ण असेल, विशेषतः मूल किंवा कॉलेजातलं पोर, तर सेरुलोप्लाझमिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रोटीन), चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्लिट लॅम्पवर कायझर-फ्लायशर रिंग (बुबुळाच्या कडेचं तांब्याचं वलय), हे तिन्ही झाल्याशिवाय ऑटोइम्युन शब्द फाइलवर लिहू नका. विल्सनमध्ये एएनए, म्हणजे पेशीच्या केंद्रकावर उठणारी अँटीबॉडी, पॉझिटिव्ह येऊ शकतं. सूज असताना सेरुलोप्लाझमिन फसवं नॉर्मलही दिसतं. निदान चुकलं तर मूल स्टेरॉइडवर राहतं आणि तांबं साचत जातं. शिवाय आजार आनुवंशिक असल्याने भावंडांची तपासणी राहून जाते, ते वेगळंच.

फॅटी लिव्हर आणि दारू ही दोन कारणं तर रोजचीच. आणि कोल्हापूर असल्यामुळे अजून एक. तालमीतला पैलवान एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम) १८०, एसजीपीटी ९० घेऊन येतो, बिलिरुबिन नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. त्याचं सीपीके, म्हणजे स्नायूंचं एन्झाइम, करा. हजारांत येतं. ते एसजीओटी-एसजीपीटी स्नायूंतून आलेलं असतं, लिव्हर बिचारं ठणठणीत असतं. आठवडाभर जोर-बैठका थांबवून पुन्हा रक्त तपासायचं.

आजार पेशीचा की नळीचा

आता एक भागाकार. एसजीपीटी त्याच्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे ते काढा. अल्कलाइन फॉस्फटेज हे पित्ताच्या वाटेवरचं एन्झाइमही त्याच्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे ते काढा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर पाच किंवा जास्त आलं तर मार पेशींवर आहे. दोन किंवा कमी आलं तर पित्ताच्या वाटेवर. मधलं आलं तर मिश्र. मर्यादा त्या-त्या लॅबच्या कागदावरच्या घ्यायच्या, दुसऱ्या लॅबच्या नाहीत.

उदाहरण घेऊ. सारख्या फायली एकत्र करून मी ही बाई बनवली आहे: गडहिंग्लजकडची अंगणवाडी सेविका, वय ४२. चार महिने थकवा, सांधे दुखतात, पाळी अनियमित, डोळे किंचित पिवळे. एसजीपीटी ६४०, मर्यादा ४०, म्हणजे सोळा पट. अल्कलाइन फॉस्फटेज १३०, मर्यादा १२०, म्हणजे जेमतेम वर. भागाकार जवळपास पंधरा. टोटल प्रोटीन ९.१, अल्ब्युमिन ३.३, ग्लोब्युलिन ५.८. इथे ऑटोइम्युन हिपॅटायटिसच्या मागे लागायचं.

भागाकार दोनच्या खाली आला असता तर आधी सोनोग्राफी. पित्ताच्या मोठ्या नळीत खडा किंवा गाठ अडकली आहे का, याचं उत्तर मिळाल्याशिवाय अँटीबॉडींवर पैसे घालवायचे नाहीत.

अँटीबॉडी: कुठली, कशी आणि किती

लॅबच्या चिठ्ठीवर नुसतं "एएनए" लिहू नका. "एएनए, इम्युनोफ्लुरोसन्स पद्धतीने, टायटर आणि पॅटर्नसह" असं लिहा. टायटर म्हणजे रक्त किती पातळ केलं तरी अँटीबॉडी दिसते ते, पॅटर्न म्हणजे ती कशी चमकते ते. नुसतं एएनए लिहिलं की पुष्कळ ठिकाणी एलायझा किंवा तसल्याच मशिनवर होतं आणि "०.८, निगेटिव्ह" असा कागद येतो. लिव्हरशी संबंधित सगळे अँटीजेन त्या किटमध्ये असतीलच असं नाही, त्यामुळे त्या निगेटिव्हवर आजार नाकारता येत नाही.

सोबत अँटी-स्मूथ मसल अँटीबॉडी, म्हणजे एएसएमए, आणि एलकेएम-१ (लिव्हर-किडनीवरची अँटीबॉडी). या दोन्हींची जुनी आणि अजूनही भरवशाची पद्धत म्हणजे उंदीरवर्गातल्या प्राण्याच्या लिव्हर, किडनी आणि जठराच्या कापांवर रुग्णाचं सीरम सोडायचं आणि मायक्रोस्कोपखाली काय चमकतं ते बघायचं. हे बघणारा डोळा सरावाचा लागतो. तुमच्या गावात ही सोय नसेल तर नमुना मोठ्या लॅबकडे जातो आणि रिपोर्टला काही दिवस लागतात. लागू देत. एसएलए ही चौथी अँटीबॉडी ब्लॉट किंवा एलायझाने होते. ती सगळ्या रुग्णांत सापडत नाही, पण सापडली तर निदानाला फार मोठं बळ देते. हल्ली "लिव्हर प्रोफाइल" नावाची ब्लॉटची पट्टी मिळते. तिच्यावर एएमए-एम२, एसपी१००, जीपी२१०, एलकेएम-१, एलसी-१, एसएलए अशा बऱ्याच अँटीबॉडी एकदम येतात. पट्टी सोयीची आहे. पण एएनए आणि एएसएमए त्या पट्टीत धरलेले नसतात, ते वेगळे सांगावे लागतात. "सगळं प्रोफाइल केलंय म्हटलं की डॉक्टर" असं म्हणत लोक तेवढा एकच कागद घेऊन येतात.

आता टायटर. निरोगी माणसांतही एएनए सापडतं. १:४० ला दहातल्या जवळपास तिघांना, १:१६० ला वीसातल्या एकाला. म्हणून एसजीपीटी नॉर्मल, ग्लोब्युलिन नॉर्मल आणि एएनए १:८० असा कागद घेऊन घाबरलेली मुलगी आली तर मी तिला चहा प्यायला पाठवते. फॅटी लिव्हरच्या बऱ्याच रुग्णांतही एएनए थोडं पॉझिटिव्ह असतं. उलट बाजूने, अचानक तीव्र सुरुवात झालेल्या ऑटोइम्युन हिपॅटायटिसमध्ये पहिल्या तपासणीत अँटीबॉडी नसूही शकतात आणि आयजीजीही (ग्लोब्युलिनमधला अँटीबॉडींचा मुख्य वर्ग) नॉर्मल असू शकतं. तेव्हा कुठलीच एक अँटीबॉडी हो किंवा नाही म्हणायला पुरत नाही.

मुलांत चित्र थोडं वेगळं. एलकेएम-१ किंवा एलसी-१ असलेला दुसरा प्रकार मुख्यतः त्यांच्यात दिसतो. शिवाय मुलांत कमी टायटरलाही अर्थ असतो, म्हणून मोठ्यांचे नियम त्यांना जसेच्या तसे लावायचे नाहीत.

आयजीजी मात्र सगळ्यांचं करा. ग्लोब्युलिनच्या वजाबाकीने संशय येतो, आयजीजीने तो मोजता येतो. उपचार लागू पडतात का हे पुढे बघायलाही हाच आकडा उपयोगी पडतो, म्हणून औषधाआधीचा आयजीजी फाइलमध्ये हवाच.

सुई टोचायची वेळ

"बायोप्सी" म्हटलं की घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते. मी पहिल्याच वाक्यात सांगते: कॅन्सर शोधायला नाही, लिव्हरला कुठल्या प्रकारची सूज आहे ते बघायला सुई घालायची आहे. ऑटोइम्युन हिपॅटायटिसचा संशय असेल तर बायोप्सी टाळू नये. नंतर वर्षानुवर्षं, कधी जन्मभर, औषध घ्यायचं असतं. एवढ्या मोठ्या निर्णयामागे अंदाज असून चालत नाही.

आधी प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) बघतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती किती दिवस थांबवायची ते डॉक्टरला विचारून ठरवायचं, स्वतःहून नाही. सोनोग्राफीत जागा बघून, उजव्या बरगड्यांमधली कातडी बधिर करून सुई आत-बाहेर होते. तो क्षण एका श्वासाचा. मग काही तास पडून राहायचं. उजवा खांदा दुखू शकतो, घाबरू नका. पोट फार दुखायला लागलं, चक्कर आली, घाम फुटला तर मात्र लगेच सिस्टरला हाक मारा. मोठा रक्तस्राव क्वचितच होतो, पण होतो, म्हणूनच निरीक्षणाखाली ठेवतात. पोटात पाणी असेल किंवा रक्त गोठत नसेल तर मानेतल्या शिरेतून तुकडा घेतात. ती सोय मोठ्या सेंटरमध्येच मिळते.

तुकडा दीड-दोन सेंटिमीटरचा तरी हवा. आणि पॅथॉलॉजिस्टकडे जाणाऱ्या फॉर्मवर नुसतं "लिव्हर बायोप्सी" लिहून पाठवणं हा त्या तुकड्याचा अपमान आहे. वय, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज, आयजीजी, अँटीबॉडी, कुठली औषधं घेतली, सगळं लिहा. पॅथॉलॉजिस्ट शोधतो तो इंटरफेस हिपॅटायटिस, म्हणजे पोर्टल भागाच्या (जिथून रक्तवाहिन्या आणि पित्तनळी जातात) कडेच्या पेशी कुरतडल्या जाणं, आणि त्या गर्दीत अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी किती आहेत. तीव्र सुरुवातीत मधल्या भागातही सूज दिसते. पित्तनळ्या शाबूत आहेत का, चरबी किती, व्रणांचं जाळं किती विणलंय, हेही त्यात यायला हवं. स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही रुग्णाला मिळू शकतात. मागून घ्या आणि जपून ठेवा. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत हवं असेल तेव्हा पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

आता गुण मोजायचे. २००८ मध्ये एक सोपी गुणपद्धत आली, ती ओपीडीत बसून बोटांवर करता येते. एएनए किंवा एएसएमए १:४० ला एक गुण. १:८० किंवा पुढे, किंवा एलकेएम १:४०, किंवा एसएलए पॉझिटिव्ह असेल तर दोन. अँटीबॉडींचे मिळून दोनच्या वर नाहीत, चार पॉझिटिव्ह असल्या तरी. आयजीजी मर्यादेच्या वर एक, १.१ पटीच्या वर दोन. बायोप्सी जुळणारी एक, ठसठशीत असेल तर दोन. व्हायरल हिपॅटायटिस नाही, याचे दोन. सहा झाले तर बहुधा, सात किंवा जास्त तर नक्की. आपल्या अंगणवाडीताईंचा एएसएमए १:१६०, आयजीजी २९०० म्हणजे मर्यादेच्या दीड पटीहून बराच पुढे, बायोप्सी ठसठशीत, व्हायरस नाही. आठपैकी आठ.

पण ही पद्धत रेंगाळलेल्या आजारासाठी चांगली. कावीळ झपाट्याने वाढते आहे, आयएनआर दीडच्या वर आहे, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा झोपाळलाय, अशा वेळी गुण मोजत बसायचं नाही. त्याला त्याच दिवशी लिव्हर ट्रान्सप्लांटची सोय असलेल्या ठिकाणी हलवा. पुण्या-मुंबईची गाडी आधी, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागून येतील.

खाजेची बाई

पीबीसीच्या बायका माझ्याकडे उशिरा येतात, कारण मधल्या काळात त्या त्वचारोगतज्ज्ञाकडे असतात. पन्नाशीच्या आसपासचं वय, तळहात-तळपायांना रात्री खाज, अंगावर पुरळ नाही, ओरबाडल्याचे वळ मात्र आहेत. थकवा असा की "भांडी घासून झाली की पडावंसं वाटतं". डोळे चुरचुरतात, तोंड कोरडं पडतं. काहींच्या पापण्यांवर पिवळट डाग. मी अजून एक विचारते: बाळंतपणाच्या वेळी खाज सुटली होती का, आणि बाळंतपणानंतर ती गेली की राहिली?

यांच्या एलएफटीत एसजीपीटी साधारण, कधी साठ-सत्तर. अल्कलाइन फॉस्फटेज ३६०. आणि फाइलमध्ये व्हिटॅमिन डीच्या सॅशेंची चिठ्ठी, कारण कुणीतरी म्हणालं, "हे हाडांचं आहे." हाडांचं असू शकतं. आपल्याकडे डीची कमतरता घरटी आहे. वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदरपणातही हे एन्झाइम चढतं. म्हणून सोबत जीजीटी, हे लिव्हर आणि पित्तनळ्यांचं दुसरं एन्झाइम, करा. जीजीटीही चढलेलं असेल तर एन्झाइम पित्ताच्या वाटेवरून येतंय. जीजीटी नॉर्मल असेल तर हाडाकडे बघा.

पीबीसीची अँटीबॉडी म्हणजे अँटी-मायटोकॉन्ड्रियल, एएमए. १९६५ मध्ये लंडनमध्ये ती सापडली, आणि आजही ९० ते ९५ टक्के रुग्णांत मिळते. लिव्हरच्या आजारांत इतकी इमानदार अँटीबॉडी दुसरी नाही. निदानाचा नियम तीनपैकी दोन: अल्कलाइन फॉस्फटेज चढलेलं, एएमए १:४० किंवा अधिक, बायोप्सीत बारीक पित्तनळ्यांचा नाश. पहिली दोन जुळली आणि सोनोग्राफीत अडथळा नाही, तर बायोप्सी लागत नाही. एएमए निगेटिव्ह असेल तर एसपी१०० आणि जीपी२१० बघा, त्यांतलं एक पॉझिटिव्ह असलं तरी चालतं. इथे एएनएच्या पॅटर्नचा उपयोग होतो: रिपोर्टवर केंद्रकातले अनेक ठिपके किंवा केंद्रकाच्या कडेचं वलय असं लिहिलेलं असेल तर ती पीबीसीचीच खूण असू शकते. कुणी वाचत नाही तो शेरा. हे सगळं निगेटिव्ह आलं तरच एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) आणि बायोप्सी.

एएमए पॉझिटिव्ह पण अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल असेल तर आजार झाला असं म्हणायचं नाही. अशा साधारण सहांतल्या एकाला पुढच्या पाच वर्षांत पीबीसी होतो. वर्षातून एकदा एलएफटी पुरे.

पूर्वी या आजाराच्या नावात सिरॉसिस शब्द होता, २०१५ मध्ये तो काढला. जुन्या कागदावर तो दिसला तर लिव्हर संपलं असं समजू नका. पीबीसी ठरला की थायरॉइड आणि हाडांची घनता तपासून घ्यायची, दोन्हीकडे गडबड असण्याची शक्यता जास्त.

एक तक्रार इथेच करून टाकते. एलएफटी बिघडलं की सरसकट "उर्सो" हे पित्ताचं औषध देण्याची पद्धत पडली आहे. पीबीसीत ते खरं औषध आहे, पण निदानाआधी दिलं की अल्कलाइन फॉस्फटेज खाली येतं आणि मूळ चित्र पुसट होतं. पेशंटने आधीच घेतलं असेल तर गोळीपूर्वीचा रिपोर्ट शोधा, घरी डब्यात नक्की असतो.

मूळव्याध म्हणून राहिलेला मुलगा

पीएससीत पुरुष जास्त, तिशी-चाळिशीतले. थंडी वाजून ताप, खाज, मधूनच कावीळ, आणि अल्कलाइन फॉस्फटेज कधी ४८०, कधी जवळपास नॉर्मल. मी त्यांना विचारते, "शौचातून रक्त जायचं का कधी?" उत्तर येतं, "ते मूळव्याधीचं, मॅडम. औषध आणलं होतं गावातून." पीएससी मोठ्या आतड्याच्या सुजेबरोबर, विशेषतः अल्सरेटिव्ह कोलायटिसबरोबर, जोडीने येतो. म्हणून पीएससी ठरलेल्या प्रत्येकाची कोलोनोस्कोपी करायची, पोटाची तक्रार नसली तरी, आणि आतडं वरवर नॉर्मल दिसलं तरी तुकडे घ्यायचे. पीएससीबरोबरची आतड्याची सूज बऱ्याचदा उजव्या बाजूला असते आणि गुदाशय मोकळा सोडते, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला ती चकवते.

याला निदान करणारी अँटीबॉडी नाही. पी-अँका नावाची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली तरी तिने काही ठरत नाही. निदान होतं एमआरसीपीवर. पित्तनळ्या एका ठिकाणी आवळलेल्या, पुढे फुगलेल्या, पुन्हा आवळलेल्या, माळेत मणी ओवावेत तशा. एमआरसीपीला काही तास उपाशी जायचं. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं सगळं घरी ठेवून जायचं. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. आणि चिठ्ठीवर "खडा आहे का" एवढंच लिहू नका, "पीएससीचा संशय, आतल्या नळ्या बघाव्यात" असं लिहा. रेडिओलॉजिस्टला जे विचारलं जातं त्याकडे तो जास्त बारकाईने बघतो, आपण सगळेच तसे. तोंडातून दुर्बीण घालून करायची ईआरसीपी निव्वळ निदानासाठी नको, तिने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि नळ्यांत जंतू जाऊ शकतात. एमआरसीपी नॉर्मल पण संशय दाट असेल, तेव्हा बारीक नळ्यांचा पीएससी शोधायला बायोप्सी.

आवळलेल्या नळ्या दिसल्या म्हणजे पीएससीच, असंही नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये नळीला इजा झाली होती का? जुने खडे? आपल्याकडे लहानपणापासून पोर्टल व्हेन (आतड्याकडून लिव्हरला रक्त नेणारी शीर) बंद असलेले रुग्ण बरेच भेटतात, तिथे फुगलेल्या शिरा पित्तनळ्यांना दाबतात आणि चित्र तसंच दिसतं. सोनोग्राफीत डॉपलर करून ती व्हेन बघून घ्या. आणि आयजीजी-४ (आयजीजीचाच एक उपप्रकार) प्रत्येकाचं एकदा करा. साठीच्या आसपासचा पुरुष, कावीळ, पित्तनळी अरुंद, स्वादुपिंड सुजलेलं: हा आयजीजी-४चा कोलँजायटिस असू शकतो, आणि तो स्टेरॉइडने चांगला उतरतो, जे पीएससीत होत नाही. पातळी मर्यादेच्या चौपटीच्या पुढे असेल तर संशय पक्का होत जातो. थोडीशी वाढ पीएससीतही दिसते. हा रुग्ण अनेकदा कॅन्सर समजून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतो. उलटही घडू शकतं, खरा पित्तनळीचा कॅन्सर आयजीजी-४ समजून स्टेरॉइडवर ठेवला जातो. म्हणून आकड्यासोबत तुकड्याचा पुरावा मिळवायचा प्रयत्न सोडू नका.

सरमिसळ

काही जण दोन घरांचे असतात. पीबीसी आहे, पण एसजीपीटी पाच पटीच्या वर आणि आयजीजी दुप्पट, तर बायोप्सी करा, हिपॅटायटिसही सोबत असू शकतो. ऑटोइम्युन हिपॅटायटिस असलेल्या प्रत्येक मुलाची एमआरसीपी करावी, कारण मुलांत पित्तनळ्यांचा आजार हिपॅटायटिसच्या आड लपून बसतो. मोठ्यांतही आतड्याची सूज किंवा चढलेलं अल्कलाइन फॉस्फटेज असेल तर तेच.

पहिल्या गोळीआधी

आता स्टेरॉइड. सांधे दुखतात म्हणून गावात सुई दिली, दम्यासाठी गोळ्या दिल्या, कुठल्या तरी पुडीत भेसळ होती, अशा वाटांनी ते आधीच पोटात गेलेलं असतं. एसजीपीटी उतरतं, औषध थांबलं की चढतं. फाइलमध्ये असा चढउतार दिसला तर त्या-त्या तारखांना काय घेतलं होतं ते कॅलेंडर समोर ठेवून जुळवा. मात्र "स्टेरॉइडने उतरलं, म्हणजे ऑटोइम्युनच" हा तर्क लंगडा आहे. औषधाने आलेली सूजही त्याने उतरते, आणि हिपॅटायटिस बी लपलेला असेल तर तो स्टेरॉइडखाली उसळू शकतो, जिवावर बेतेपर्यंत. म्हणून एचबीएसएजीबरोबर अँटी-एचबीसी टोटलही हवं, नुसतं पहिलं पुरत नाही. छातीचा एक्स-रे आणि टीबीची चौकशी, साखर, बीपी, हाडं. ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायचं असेल तर टीपीएमटीबरोबर एनयूडीटी१५ची जनुकीय तपासणी मिळाली तर करा, आपल्या लोकांत पांढऱ्या पेशी घसरण्यामागे ही दुसरी जास्त वेळा सापडते.

फायब्रोस्कॅनची, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीची, घाई करू नका. लिव्हर सुजलेलं असताना तो कडकपणा जास्त दाखवतो आणि घरी सिरॉसिसची रडारड होते. ऑटोइम्युन हिपॅटायटिसमध्ये सूज शमल्यावर, उपचार सुरू होऊन सहा महिने उलटल्यावर केलेला आकडा खरा. तीन तास उपाशी जाऊन करायचा.

आणि उपचार सुरू करून महिना-दीड महिना झाला, एसजीपीटी हलत नाही, तर डोस वाढवण्याआधी तीन गोष्टी बघा. गोळ्या खरंच घेतल्या जातात का, हे सुनेला एकटीला विचारा, सासूसमोर नाही. काढा पुन्हा सुरू झाला आहे का. आणि तिसरं, एमआरसीपी, एएमए आणि सेरुलोप्लाझमिन यांतलं जे पहिल्या फेरीत राहून गेलं असेल ते आता करून घ्या.